कुरकूर न करणारा दात

आमच्या घरात दुखण्याला मान होता. जे दुखते ते आजारी आणि जे दुखत नाही ते ठणठणीत, असा सासूबाईंचा साधा हिशेब होता आणि त्याच हिशेबावर त्यांनी वयाची शहाऐंशी वर्षे काढली. दाढ ठणकली की लवंग, हिरडी सुजली की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि एवढ्याने भागले नाही तर दाताच्या डॉक्टरांकडे जायचे, तेही दात उपटून आणण्यासाठीच. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या घरात मी सून म्हणून आले ती १९८५ साली, आणि सासूबाईंच्या भाजणीच्या प्रमाणाबरोबर त्यांचा हा हिशेबही मी नकळत उचलला.

त्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारीत एका सकाळी चूळ टाकताना बेसिनमध्ये गुलाबी ओघळ दिसला, तेव्हा मी जिभेने सगळे तोंड चाचपून पाहिले, कुठेच दुखत नाही अशी खात्री करून घेतली आणि नळ सोडून दिला. पोहे भिजवून ठेवलेले होते, ते फोडणीला टाकायचे होते. दुसऱ्या दिवशीही तोच रंग दिसला आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. पंधरा दिवसांनी आरशात नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की रक्त येते ते खालच्या उजव्या दाढेपाशी, आणि ती दाढ तर मूळची माझी नव्हेच. ती इम्प्लांटची होती.

ही दाढ बसवली ती २०१६ साली. मूळची दाढ त्याच्या आदल्या वर्षी गेली होती आणि ती किडून नव्हे, तर हिरडीच्या रोगाने गेली होती. आमच्याकडे त्याला सरसकट पायोरिया म्हणतात. हिरडी सुटत गेली, आतले हाड झिजत गेले, दाढ हलू लागली आणि शेवटी एका लग्नातल्या दाल-बाफल्याच्या पंगतीत ती अशी कलंडली की पुढचे जेवण मी डाव्या बाजूनेच उरकले. तिच्या जागी हाडात टायटेनियमचा स्क्रू, त्यावर जोडणीचा खुंट आणि खुंटावर सिमेंटने चिकटवलेली कॅप अशी तीन मजली दाढ आली. आता ही जन्मभराची, हिला कीड लागायची नाही, असे मला सांगण्यात आले आणि ते खोटे नव्हते, कारण धातूला आणि सिरॅमिकला कीड लागत नाही. हिरडीचे काय, हे मात्र कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुन्हा तपासायला कधी यायचे याचाही उल्लेख कागदावर नव्हता. सगळा दोष त्या दवाखान्याच्या माथी मारावा असे मला कित्येक दिवस वाटत होते. परंतु सहा वर्षांत मी स्वतःही तिकडे फिरकले नव्हते, हे कोणत्या तोंडाने नाकारणार?

इंदूरमध्येच पलासियाच्या बाजूला हिरड्यांच्या एक तज्ज्ञ डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे मला भाचीने नेले. त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई घेतली आणि कॅपच्या भोवती हिरडी व धातू यांच्या फटीत ती अगदी हलक्या हाताने सहा ठिकाणी उतरवून पाहिली. मदतनीस मुलगी फटीच्या खोलीचे आकडे लिहून घेत होती. तीन, चार, सात, सहा, सात, चार. प्रत्येक आकड्यानंतर तिथे रक्ताचा थेंब उमटत होता आणि एका सातच्या जागी थोडा पूही आला. मला दुखत होते का? नाही. ‘कपाट थोडे सरकवून मागे किती जागा आहे ते पाहावे तसे वाटले’, असे मी नंतर यजमानांना सांगितले आणि ते वर्णन मला अजूनही योग्य वाटते.

मग डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्याहून नेमके मला सुचणार नाही. “काकू, तुमच्या नैसर्गिक दाताला हिरडी शिवलेली असते, इम्प्लांटला ती नुसती नेसवलेली असते.” नैसर्गिक दाताच्या मुळाच्या पृष्ठभागातून बारीक तंतू निघतात आणि आडवे जाऊन हिरडीत व हाडात रुततात, दात आणि हाड यांच्यामध्ये या तंतूंचीच एक पातळ गादी असते, तिच्यात रक्तवाहिन्या असतात आणि चावण्याचा दाब ओळखणाऱ्या नसाही असतात. इम्प्लांटमध्ये धातू थेट हाडाला भिडलेला असतो, मधली गादी नसते, आणि हिरडीतले तंतू धातूत न रुतता त्याच्या भोवती पदरासारखे वळसे घेऊन राहतात. टाके असलेल्या ठिकाणी आत शिरायला जंतूंना जो अडथळा होतो, तो नुसत्या गुंडाळलेल्या ठिकाणी तितकासा होत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्याने शरीराची कुमकही उशिरा पोहोचते. म्हणून तिथली सूज एकदा खाली उतरू लागली की थेट हाडापर्यंत जाते.

याच रचनेमुळे दुसरी एक फसगत होते आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटली. नैसर्गिक दाताचे हाड झिजू लागले की निदान पुढेमागे तो हलतो. माझी जुनी दाढ गेली ती दोन वर्षे डुगडुगून, आधी सूचना देऊन गेली. इम्प्लांटचे तसे नाही. वरचे निम्मे हाड गेले तरी तळाशी उरलेले हाड त्याला घट्ट धरून असते आणि त्यावर शेंगदाणे चावले तरी तो तसूभर सरकत नाही. ज्या दिवशी इम्प्लांटच हलतो, त्या दिवशी बहुधा वाचवण्यासारखे काही उरलेले नसते. (नुसती कॅप हलत असेल तर ती गोष्ट वेगळी, आतला छोटा स्क्रू सैल झाला असेल तर तो पुन्हा आवळता येतो. पण हे घरच्या घरी ओळखता येत नाही.) दुखणे नाही आणि हलणे नाही, म्हणजे तक्रार करण्याचे दोन्ही मार्ग या दातापाशी नाहीत. त्याच्यापाशी बोलायला असते ते एवढेच, की भोवतालची हिरडी लाल होते आणि तिच्यातून रक्त येते.

त्या दिवशीचा एक्स-रे पडद्यावर पाहिला. स्क्रूच्या वरच्या आट्यांभोवती दोन्ही बाजूंना बशीसारखा काळा खोलगटपणा होता. डॉक्टरांनी विचारले, “कॅप बसवली त्या वेळचा एक्स-रे आहे का?” दात बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाडाची थोडी मांडणी बदलते, ते सामान्य असते, त्यानंतर हाड किती उतरले हे कळायला जुने चित्र लागते. घरी येऊन मी अख्खे कपाट उपसले. बँकेची पासबुके, सासूबाईंच्या मोतीबिंदूचे कागद, भाच्याच्या मुंजीच्या पावत्या, आणि त्या सगळ्याच्या तळाशी २०१६ चे एक पिवळे पाकीट, आत नखाएवढी फिल्म. ती घेऊन मी पुन्हा गेले आणि त्यांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून आटे मोजले. सहा वर्षांत साधारण साडेतीन मिलिमीटर हाड गेले होते, आणि गेलेल्या त्या हाडाची मला एका क्षणाचीही वेदना झाली नव्हती.

या दुखण्याला दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींची नावे एकाच वळणाची असल्याने माणूस गोंधळतो. सूज फक्त हिरडीपुरती असते, हाड शाबूत असते, तेव्हा त्याला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. ही अवस्था नीट स्वच्छता केली तर मागे फिरते, मात्र काही आठवडे धीर धरावा लागतो. सूज हाडात उतरली की ती पेरी-इम्प्लांटायटिस होते, आणि गेलेले हाड आपोआप परत येत नाही. हे दुर्मीळ असेल अशी माझी समजूत होती. २०१५ साली निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिच्यात सरासरीने इम्प्लांट असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांना पहिली अवस्था आणि सुमारे २२ टक्के लोकांना दुसरी अवस्था आढळली होती. अभ्यासागणिक हे आकडे बरेच वरखाली होतात, तरीही आमच्या गल्लीत जितके इम्प्लांट आहेत ते पाहता हा काही दूरच्या कोणाचा रोग म्हणता यायचा नाही.

आणि इथेच मला एक गोष्ट उशिरा उमगली. ज्यांचे दात हिरडीच्या रोगाने गेले, त्यांच्याच इम्प्लांटला या रोगाचा धोका सर्वांत जास्त असतो. दात गेला म्हणून रोग गेला असे नसते. तो उरलेल्या दातांच्या खाचांत तसाच ठाण मांडून असतो आणि नवा भाडेकरू आला की त्याच्याही दाराशी जातो. इम्प्लांट बसवण्याआधी माझ्या इतर हिरड्यांचा इलाज पूर्ण व्हायला हवा होता. तो झाला नव्हता. तंबाखू, विडी-सिगारेट आणि आटोक्यात नसलेली साखर हेही या रोगाला हातभार लावतात असे डॉक्टरांनी सांगितले. तंबाखूचा प्रश्न नव्हता, पण माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) त्या वेळी ८.४ टक्के होती आणि त्यावर माझ्याकडे सराफ्यातल्या, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, जिलबीशिवाय दुसरे स्पष्टीकरण नव्हते.

उपचाराची सुरुवात माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट झाली. मला गोळ्या हव्या होत्या. जंतू आहेत तर जंतूंची गोळी द्या, हा माझा सरळ हिशेब. पण त्यांनी प्रतिजैविक दिले नाही. जंतूंनी धातूवर जो चिकट थर बांधलेला असतो, त्याच्या आतपर्यंत गोळीतले औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि तो थर हाताने खरवडून काढल्याशिवाय गत्यंतर नसते, असे त्या म्हणाल्या. पुढे २०२३ साली युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने या रोगांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही अशा विनाशस्त्रक्रिया सफाईबरोबर पोटातून प्रतिजैविके सरसकट न देण्याचाच सल्ला आहे. साध्या पोलादी अवजारांनी टायटेनियमवर ओरखडे पडू शकतात म्हणून टायटेनियमची व प्लास्टिकच्या टोकाची अवजारे वापरून, सुन्न करून, हिरडीखाली सफाई झाली. त्यासोबत इतर दातांच्या हिरड्यांचीही झाली. आणि मग मला सांगितले, की आता आठ आठवडे तुमचे काम.

ते काम काय, हे मी जरा सविस्तर सांगते, कारण मी तोवर चाळीस वर्षे दात घासत होते आणि मला घासता येत नव्हते. त्यांनी मला आरसा दिला आणि हिरव्या दांडीचा एक इवलासा ब्रश दिला, बाटली धुण्याच्या ब्रशची जणू बाहुली. तो दोन दातांच्या मधल्या फटीत घालायचा, जोर न करता, आत-बाहेर चार वेळा, आधी गालाच्या बाजूने आणि मग जिभेच्या बाजूने. फटीच्या मापाचाच ब्रश हवा. सैल असेल तर नुसता फिरून येतो आणि घट्ट असेल तर हिरडी सोलतो. त्याच्या मधल्या तारेवर प्लास्टिकचे आवरण असलेलाच घ्यायचा, कारण उघडी तार धातूवर घासते. कॅपच्या मागच्या कडेसाठी एकाच झुपक्याचा वेगळा ब्रश. दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याबद्दल (फ्लॉस) त्या सावध होत्या: ज्याचे आटे उघडे पडलेले आहेत अशा इम्प्लांटभोवती दोरा ओढला तर त्याचे धागे खरखरीत आट्यांत अडकून राहतात आणि तेच सुजेचे कारण होऊ शकतात. पहिल्या रात्री ब्रश बाहेर काढला तेव्हा त्याच्या केसांत रक्त होते आणि त्याचबरोबर दुपारच्या शेवेचा एक पिवळा तुकडाही होता. इंदूरमध्ये शेव कशावरही पडते, हे मला ठाऊक होते. ती दाढेखाली जाऊन सात तास बसते, हे ठाऊक नव्हते. रक्त पाहून मी ब्रश ठेवून देणार होते. रक्त आले म्हणजे तिथे जायचे टाळायचे नाही, तिथेच अधिक नीट जायचे, असे त्यांनी आधीच बजावले होते म्हणून निभावले. २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या या गावात मी रोज सकाळी ओला आणि सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकते, आणि तोंडात मात्र तो एकत्रच साठवून होते, हा विचार तेव्हा आला आणि मला एकटीलाच बेसिनसमोर हसू आले.

आठ आठवड्यांनी मोजमाप पुन्हा झाले. इतर दातांपाशी आकडे उतरले होते. इम्प्लांटपाशी दोन जागी सहा आणि रक्त कायम होते. तेव्हा हिरडी उघडून सफाई करायचे ठरले.

ती शस्त्रक्रिया दीड तासाची होती आणि मी जागी होते. आधी कॅपला वरून भोक पाडून आतला स्क्रू गाठला आणि कॅप काढून घेतली. मग हिरडीची झडप उघडून आतला सुजेचा मऊ, लालभडक ऊतीचा थर खरवडून काढला, टायटेनियमच्या फिरत्या ब्रशने आटे घासले आणि सलाइनने पुन्हा पुन्हा धुतले. मध्येच त्या थांबल्या आणि मदतनिसाला उजेड जवळ घ्यायला सांगितले. नंतर त्यांनी स्टीलच्या तबकात मला एक कण दाखवला. पोह्याच्या तुटक्या दाण्याएवढा, मळकट पांढरा आणि एका बाजूने खरखरीत. ते २०१६ सालचे सिमेंट होते. कॅप चिकटवताना जास्तीचे सिमेंट कडेने हिरडीखाली उतरते आणि ते तिथल्या तिथे काढावे लागते. जे राहते त्याच्यावर जंतूंचा थर बसतो आणि त्रास कधी काही महिन्यांत सुरू होतो, कधी कित्येक वर्षांनी. एवढ्याशा कणाने सगळे केले असे म्हणणे सोपे आहे. डॉक्टर तसे म्हणाल्या नाहीत. जुना हिरडीचा रोग, साखर, न झालेल्या तपासण्या आणि हा कण, या चौघांनी मिळून केले, असे त्या म्हणाल्या, आणि त्या चौघांतले तीन माझ्या घरचे होते.

खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाची भिंत शिल्लक होती म्हणून त्यात हाडाची भुकटी भरली. भिंती नसत्या तर भरण टिकले नसते आणि मग हिरडीची पातळी खाली आणून जागा घासायला मोकळी करणे, एवढेच हाती राहिले असते. टाके घातल्यावर दोन आठवडे त्या बाजूला ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या. त्या औषधाने दातांवर चहाच्या कपासारखे तपकिरी डाग पडले आणि चव इतकी गेली की जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) घातलेले पोहे आणि न घातलेले पोहे मला ओळखता येईनात. औषध थांबल्यावर चव परतली, डाग डॉक्टरांनी पुसून दिले. नवी कॅप सिमेंटची न बसवता स्क्रूने आवळायची बसवली, म्हणजे पुन्हा गरज पडली तर काढता येईल. आणि तिची कड थोडी आखूड केली, ज्यामुळे तो हिरवा ब्रश खालून सहज जातो. दिसायला पूर्वीची जास्त भरदार होती. हिरडी उतरल्यामुळे मी मोठ्याने हसले तर धातूची एक करडी रेघ दिसते. साठीनंतर ती कोणी पाहत नाही.

जगात पहिल्यांदा असा टायटेनियमचा इम्प्लांट घेणारे स्वीडनचे यॉस्टा लार्सन यांच्याबद्दल मी त्या दिवसांत वाचले. सशाच्या हाडात बसवलेले टायटेनियमचे उपकरण हाडाने इतके धरून ठेवले की ते निघेना, हे स्वीडिश संशोधक पर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले होते, आणि १९६५ साली त्यांनी लार्सन यांच्या जबड्यात ते स्क्रू बसवले. २००६ साली लार्सन वारले तोवर ते त्यांना साथ देत होते. ‘जन्मभराची दाढ’ हे वाक्य म्हणजे नुसती थाप नाही, हे त्यावरून मला पटले. फक्त त्या वाक्यात कर्ता कोण, हे मी चुकीचे धरले होते.

आता मी दर चार महिन्यांनी जाते. सळई, सहा आकडे, वर्षातून एकदा एक्स-रे. आकडे तीन-चारच्या घरात आहेत, रक्त नाही, आणि खड्ड्यातले हाड निम्म्याहून थोडे अधिक भरल्यासारखे दिसते. “बरे झाले असे म्हणू का?” असे मी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “थांबले आहे असे म्हणा, आणि येत राहा.” तीन महिन्यांची साखर ६.९ वर आली आहे. सराफ्यात जाते, थंडीत गराडूही (तळलेला कंद) खाते, परंतु रात्री एक वाजता परतले तरी हिरवा ब्रश फिरवल्याशिवाय झोपत नाही, आणि यजमान अंथरुणातून ‘झाला का तुमचा सराफा?’ असे विचारतात.

गेल्या गणपतीत धाकटे दीर आले होते. त्यांचे दोन इम्प्लांट आहेत, नऊ वर्षांपूर्वीचे. आरतीनंतर प्रसाद खाताना मी विचारले, “भाऊजी, दाखवून आलात कधी?”

“वहिनी, मला काही त्रासच नाही. खडीसाखर फोडतो मी त्याने.”

“घासताना रक्त येते का?”

ते थोडे थांबले. “ते काय, कधीमधी येते. ब्रश कडक आहे.”

मी वाद घातला नाही. त्यांना हिरवा ब्रश दिला आणि आरशासमोर नेले. दुसऱ्या आठवड्यात ते पलासियाला माझ्याबरोबर आले. कॅप बसवतानाचा एक्स-रे त्यांच्यापाशी नव्हता. घर बदलताना सगळे कागद गेले होते. जुने चित्र नसेल तर काय करायचे, हेही ठरलेले आहे. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांच्या परिषदेत जी नवी वर्गवारी झाली, तिच्यानुसार अशा वेळी रक्त येणे, फटीची खोली सहा मिलिमीटर किंवा अधिक असणे आणि हाड तीन मिलिमीटर किंवा अधिक उतरलेले असणे, या तिन्ही गोष्टी मिळून हाडापर्यंतचा रोग धरतात. भाऊजींच्या एका इम्प्लांटपाशी पाच आकडा आला आणि रक्त आले; हाड मात्र अजून वरच होते. दुसरा इम्प्लांट चांगला निघाला. डॉक्टरांनी सफाईची तारीख दिली, तंबाखूची पुडी टेबलावर ठेवून घेतली आणि त्या दिवसाचा एक्स-रे छापून हातात दिला.

भाऊजी तो खिशात घडी करून ठेवू लागले, तेव्हा मी काढून घेतला, पर्समधल्या पाकिटात घातला आणि पाकिटावर तारीख लिहिली.